कस्टमर फॉल्ट

पँट नवीन होती हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरात तो विषय अजून मिटलेला नाही. मेव्हण्याच्या लग्नात सासरकडून आलेलं कापड, बोरीच्या टेलरनं दीड महिना लावून शिवलेलं, आणि नेमकी तीच घालून मी जिंतूर रोडनं परभणीला बॅटरी घेऊन आलो. मोटारसायकल माझ्या मशीनचा ऑपरेटर चालवत होता, मागं मी, आणि दोघांच्या मधे तीस-बत्तीस किलोची बॅटरी, आजारी लेकराला दवाखान्यात न्यावं तशी मांडीवर कवटाळलेली. अॅसिडचं एक असतं, सांडताना काहीच कळत नाही. पँट दिसायला चांगलीच असते. दोन दिवसांनी धुवायला टाकली की बादलीतून चाळणी बाहेर निघते. एकोणीस भोकं. मोजली मी. बायकोनं आधीच मोजली होती, तिची बावीस भरली.

माझ्याकडं एक सेकंडहॅन्ड मशीन आहे, पुढं लोडर मागं बकेट. कंपनीचं नाव घेत नाही, पिवळी आहे एवढं बास. तसंही आमच्याकडं कंपनी विचारतो कोण, पिवळं दिसलं की जेसीबी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या माणसानं 1945 साली इंग्लंडात एका गॅरेजात धंदा सुरू केला, पहिल्यांदा ट्रेलर बनवला, आणि आपल्या नावाची तीन अक्षरं पुढं परभणी जिल्ह्यात शेजाऱ्याचा बांध कोरायला, विहिरीचा गाळ काढायला आणि निवडून आलेल्या माणसावर बकेटीतून फुलं उधळायला कामी येतील हे त्याच्या स्वप्नात तरी आलं असंल का. चेनवर चालणारं दिसलं की पोकलेन, ते नाव फ्रान्सच्या कंपनीचं. टिपर कुठलाबी असो, तो हायवा. आम्ही कंपनीचं नाव एकदा उचललं की परत करत नाही, उधारीसारखंच.

तर मे महिना, शेततळ्याचं काम, सकाळी सातला सेल्फ मारला तर नुसतं टक्. परत मारला, टक्. बाजूला मुरूम भरायला हायवा उभा होता, ऑपरेटर म्हणाला त्याच्यावरून वायर लावू. मी बोंबललो. हायवाला दोन बॅटऱ्या सिरीजमधे, 24 व्होल्ट, आपली एकटी 12 ची, लावली असती तर अल्टरनेटरसकट जे काय धड होतं तेबी गेलं असतं. मग शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आणला, तो 12 चाच. पहिल्या दिवशी त्या भल्या माणसानं फुकट चालू करून दिलं. दुसऱ्या दिवशी चहावर. तिसऱ्या दिवसापासून एका सेल्फचे शंभर रुपये. डबा खायला मशीन बंद केली की परत शंभर, म्हणून ऑपरेटर जेवतानाबी मशीन चालूच ठेवायला लागला, म्हणजे तिकडून डिझेल. आठवडा असा काढला आणि मग ती मोटारसायकलची वरात.

बॅटरी घेऊन चौदाच महिने झाले होते आणि कार्डावर गॅरंटी अठरा महिन्यांची. खिशात कार्ड असलेला माणूस दुकानात जरा ताठ चालतो, तसा मी शिरलो.

दुकानात एका अंगाला बॅटऱ्या, दुसऱ्या अंगाला पिन, बुश, सील किट, होज पाइप, फिल्टर. मधे कूलर. कूलरसमोर बाकडं आणि बाकड्यावर एक म्हातारा, धोतर, टोपी, मांडीवर वायरची पिशवी. मला वाटलं मालकाचे वडील असतील. काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "नाय हो, ते रोज येतेत, कूलरला." गिऱ्हाईक नाही, नातेवाईक नाही, मालकाला त्यांचं गावबी माहीत नाही. पण मी बॅटरी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"पाणी कोणतं घालायलाव?"

"डिस्टिल वॉटर."

"म्हंजे बिसलरी?"

"नाही बाबा, बिसलरीत क्षार असतेत. डिस्टिल म्हणजे वाफेचं पाणी. त्यात काहीच नसतं."

"काहीच नसतं त्याचे पैसे घेतेत?"

याला उत्तर काय द्यायचं. मी पोराकडं बघितलं, पोरगं झाकणं उघडण्यात गुंतलेलं. म्हातारा सरकून बसला, मला जागा केली, म्हणजे आता आपण इथून उठणार नाही हे ठरलं. त्यांच्या ट्रॅक्टरला म्हणे एक बॅटरी नऊ साल चालली होती. पाणी पावसाचं. मिरगाचा पहिला पाऊस सोडून द्यायचा, दुसरा धरायचा, आणि धरायचा तो चिनी मातीच्या बरणीत, भांड्यात नाही. आता खरं बोलायचं तर पावसाचं पाणी म्हणजे देवानंच केलेलं डिस्टिल, आणि धातूच्या भांड्यात धरू नये हेबी बरोबर, मी जरा चमकलोच. म्हटलं, "बरणी कोणती?"

"लोणच्याची."

"धुऊन घेत होता ना?"

"कशाला? मीठ चांगलंच की बॅटरीला, दम धरती."

पोरानं काचेची नळी बॅटरीच्या एकेका घरात, म्हणजे सेलमधे, घालून अॅसिड ओढलं आणि ते किती दाट आहे बघितलं. भरलेल्या बॅटरीत आकडा 1265 ते 1280 च्या दरम्यान पाहिजे. माझ्या पाच घरांत 1250, आणि सहाव्यात 1100, म्हणजे जवळपास नुसतं पाणी. मीटर लावला, 10.6 व्होल्ट. एका घराचे 2.1 धरले तर सहांचे 12.6 व्हायला पाहिजेत, हिशोब सरळ होता, एक घर मेलं होतं.

"सहात एक मेलं," म्हातारा म्हणाला, "मग पाच हायेत की."

"तसं चालत नाही बाबा, सगळे एकाला एक जोडलेले असतेत."

"आमी सहा भाऊ. धाकला वारला. शेत करायचं थांबलं का?"

पोरानं फोटो काढून कंपनीच्या साहेबाला व्हॉट्सअॅपवर पाठवले. साहेब जेवायला गेले होते. मी म्हटलं थांबायचंच आहे तर मागच्या बकेटचे दात बघून ठेवू, पाच लागतात, जुने झिजून अंगठ्यासारखे झाले होते. पोरानं दोन दात आणून काउंटरवर ठेवले, एक ओरिजनल एक डुप्लिकेट. दिसायला भाऊभाऊ, किमतीत निम्म्याचा फरक.

"दात?" म्हातारा उठूनच आला. "मशीनला दात असतेत?"

"मग खांदती कशानं?"

त्यांनी दोन्ही दात हातात घेऊन तोलले, नखानं वाजवले, एकाचा वास घेतला. मग डुप्लिकेट माझ्यापुढं सरकवला, म्हणाले वरिजनलच्या नादी लागू नका. मी म्हटलं बाबा, ओरिजनलचं लोखंड वेगळं असतं, पाणी दिलेलं असतं त्याला. तर म्हातारा थांबला, इकडंतिकडं बघितलं, आणि तोंडात दोन बोटं घालून वरची कवळी काढून काउंटरवर ठेवली. पार्टच्या कॅटलॉगवर, मधोमध. ओली.

आणि मग त्यांनी त्या कवळीबद्दल भाषण दिलं. पण भाषण कवळी बाहेर ठेवून चाललेलं, त्यामुळं मला नुसतं फसफस फुसफुस ऐकू येत होतं आणि ते पोरगं, हायड्रॉलिक ऑइलचे डबे मांडता मांडता, एकेक वाक्य मराठीत करून मला सांगत होतं. "ते म्हणायलेत ही डुप्लिकेट हे." फसफस. "जत्रंत बसणाऱ्याकडून घेतली." फसफस फुस. "पाच साल झाले." फुस. "हुरडा खातेत, भाकर खातेत, मटणाची नळी सोडत नाहीत." म्हणजे हा खेळ रोज होत असावा, पोराला पाठ होता. एक होज पाइप घ्यायला आलेला गडी शेजारी उभा राहून कवळीकडं आणि बकेटच्या दाताकडं आळीपाळीनं बघत होता, शेवटी त्यानं मला विचारलं, "ही कितव्या मॉडेलची?" जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणतात ते उगीच नाही, जर्मनीत पार्टच्या दुकानात असा कन्सल्टंट बसत नसंल.

मी पाचही दात डुप्लिकेट घेतले. कवळी बघून नाही घेतले हे मी आजबी छातीवर हात ठेवून सांगतो, पैसे कमी होते म्हणून घेतले. पण म्हाताऱ्यानं कवळी धोतराला पुसून परत बसवली आणि माझ्याकडं बघून जो एक हात वर केला ना, ते डोक्यात गेलं.

साहेबांचा फोन आला. पोरानं "हां सर, हां सर" केलं आणि फोन ठेवून कार्ड माझ्याकडं सरकवलं. "कस्टमर फॉल्ट."

"म्हणजे?"

त्यानं मोबाइलची टॉर्च झाकणातून आत धरली. पाण्याची पातळी खाली, प्लेटा उघड्या, त्यावर तांबूस पांढरट काहीतरी बसलेलं. "बोअरचं पाणी हे हे," पोरगं म्हणालं. मी ऑपरेटरकडं बघितलं. ऑपरेटर कूलरकडं बघत होता.

"उन्हात पाणी उडायलं मालक, म्हणून टाकलं. आपण पितो तेच की."

काय बोलणार. याच मराठवाड्यात 2016 च्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणायची वेळ आली होती, इथं माणसाला जे मिळतं ते बॅटरीला दिलं म्हणून ऑपरेटरला शिव्या तरी कोणत्या तोंडानं द्यायच्या. पण बॅटरीला माणसाचा पाहुणचार चालत नाही, बोअरच्या पाण्यातलं लोह आणि क्षार प्लेटा खातात. उडतं ते पाणीच, अॅसिड आतच राहतं, म्हणून टाकायचं तेबी पाणीच आणि तेबी डिस्टिलच. आणि गरमी दहा डिग्रीनं वाढली की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आता आमच्या परभणीच्या मे महिन्यात, इंजिनाच्या शेजारी, त्या बॅटरीनं जगायचं कसं. हे सगळं पोरानं मला सांगितलं, बिल फाडता फाडता. चौदा महिन्यांपूर्वी बॅटरी विकताना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा पेढा दिला होता.

पैसे रोख. जुनीच्या शिशाचं भंगार वजा करून उरलेले सगळे रोख. इथंच माझं डोकं फिरतं. बॅटरीवाल्याला रोख, दाताला रोख, डिझेल तर पंपावर आधी पैसे मग पाइप, मशीनचा हप्ता पाच तारखेला खात्यातून मलाच न विचारता जातो. आणि मी ज्यांचे बांध घातले, ज्यांच्या विहिरी खांदल्या, ते सगळे म्हणतात सोयाबीन निघू द्या. सोयाबीन निघालं की म्हणतात भाव येऊ द्या. भाव कधी आलाय? मागच्या पावसाळ्याआधीच्या गाळाचे पैसे अजून येणं आहेत, त्या माणसाच्या मुलीच्या लग्नात मी आहेर करून आलोय, माझ्याच पैशातून केलेलं वरण खाऊन. त्याला कुणी कस्टमर फॉल्ट म्हणत नाही.

असो. नवी बॅटरीबी मांडीवरच आणली, या वेळी खाली पोतं घेतलं, पँटीचं जे व्हायचं ते जातानाच होऊन गेलेलं. वायरीच्या टोकाचे लग घासले, पॉझिटिव्ह आधी जोडलं, निगेटिव्ह शेवटी, वरून व्हॅसलीन. पाच लिटरचा डिस्टिल वॉटरचा कॅन केबिनमधे ठेवला आणि वर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं, हे पाणी बॅटरीचं. आठ दिवसांनी बघितलं तर अर्धा कॅन रिकामा, बॅटरीची पातळी आहे तिथंच. ऑपरेटर प्यायला होता. म्हणाला, "चव नाही मालक याला."

दातांचं काय झालं विचारू नका. वरचा हातभर काळा थर मजेत निघाला, मुरमात पण ठीक चाललं, खाली काळा पाषाण लागला आणि तीन आठवड्यांत पाचांतले दोन वाकले, तिघांची टोकं गोल. म्हणजे परत परभणी, परत तेच दुकान. या वेळी जुनी पँट.

म्हातारा बाकड्यावर होताच. मी झिजलेला दात मुद्दाम त्यांच्या पुढ्यात ठेवला, काही बोललो नाही. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडं बघून हसले. भरगच्च, पांढरंशुभ्र, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं.

मी म्हटलं, "बाबा, कवळी बदलली का?"

"हौ. पोरानं पुण्याला नेऊन करून दिली," म्हातारा म्हणाला, आणि या वेळी प्रत्येक अक्षर कळलं. "वरिजनल."