मारबत आहे ना आपल्याकडे!

शापित नायिका खुनाचा तपास करते, अशा पुस्तक-मालिकेला लंडनचं धुकंच शोभतं, असं एका लेखात म्हटलंय. काऊन बाप्पा? आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत लोक आपली पीडा मारबत नावाच्या पुतळ्याच्या माथी मारतात आणि तो जाळून टाकतात. काळी मारबत तर १८८१ पासून निघते. आता समजा, नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या पोरीला ती सगळी पीडा चिकटली आणि राखेत कुणाचं तरी जोडवं सापडलं... मी रात्रभर जागून वाचीन! फक्त शापाचा नियम पहिल्याच भागात सांगा. ऐनवेळी नवी शक्ती काढून खुनी पकडला की चिडचिड होते. एक मालिका मी यापायीच तिसऱ्या भागात सोडली.