ती आरामखुर्ची एकट्या कॉर्बुझिएची नाही

वाकवलेल्या स्टीलच्या नळ्यांची लांब आरामखुर्ची आणि तिच्यावर तोंड फिरवून पहुडलेली एक तरुणी. हा फोटो सगळीकडे फिरतो आणि त्याच्यासोबत तीन विधानं फिरतात. खुर्ची वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएची. फोटोतली शार्लोत पेरियाँ ही त्याची मदतनीस, इथे नुसती मॉडेल. आणि त्याचं ऑफिस सोडल्यावर तिच्या हातून फारसं काही झालं नाही. तिन्ही विधानं चुकीची आहेत.

आधी खुर्ची. कॉर्बुझिए घराला यंत्र म्हणत होता, पण 1925च्या पॅरिस प्रदर्शनातल्या त्याच्या दालनात खुर्च्या होत्या त्या बाजारातून आणलेल्या तयार. 1927मध्ये शार्लोत त्याच्या ऑफिसात काम मागायला गेली, तेव्हा 'आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही' असं ऐकून तिला परतावं लागलं. हे तिनेच सांगून ठेवलंय. त्याच वर्षी तिने पोटमाळ्यावरचा एक बार प्रदर्शनात मांडला, निकेल चढवलेल्या तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा. तो पाहिल्यावर त्याच ऑफिसने तिला बोलावून घेतलं. म्हणजे धातूचं काम ती तिथे शिकली नाही, सोबत घेऊन गेली. 1928च्या प्रदर्शनात तिच्या जेवणघरात फिरत्या खुर्च्या होत्या, त्याही तिच्या स्वतःच्या नावाने.

शरीर कसं टेकतं, कसं लवंडतं याचा विचार कॉर्बुझिएचाही होता, ते श्रेय त्याचंच. म्हणून सगळं तिचंच असं मी म्हणणार नाही. पण 1929मध्ये ही आरामखुर्ची लोकांपुढे आली ती तीन नावांनी: कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ आणि ऑफिसातला भागीदार पिएर जान्नरे, शार्लोत पेरियाँ. 1960च्या दशकात एका इटालियन कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली, तेव्हा मालिकेच्या नावात एकट्या कॉर्बुझिएची आद्याक्षरं घातली. बाकीची दोन नावं मागे पडली. जान्नरेचं तर आपल्याकडेही हेच झालं. चंदीगडच्या सागवान-वेताच्या खुर्च्या मुख्यतः त्याच्या कामातून आल्या, तरी कित्येक जण आजही त्यांना कॉर्बुझिएच्या म्हणतात.

फोटोचं उत्तर यातच आलं. आपणच घडवलेल्या खुर्चीवर ती पहुडली आहे, तिला मॉडेल कसं म्हणायचं?

आणि ऑफिस सोडल्यावर काही झालं नाही? तिने ते 1937मध्ये सोडलं. 1940मध्ये जपान सरकारने तिला उद्योगकलेची सल्लागार म्हणून बोलावलं. तिथल्या कारागिरांचं काम बघत ती हिंडली आणि त्याच आरामखुर्चीला तिने बांबूचं रूप दिलं. माझ्या मते स्टीलच्या खुर्चीपेक्षा ही जास्त धाडसाची, कारण बांबू नळीसारखा निमूट वळत नाही. लवचीक पट्ट्यांवरच सगळा भार तोलावा लागतो. युद्धानंतर फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या प्रचंड निवासी वसाहतीसाठी तिने खोलीकडे उघडणारं स्वयंपाकघर आखलं, रांधणारी माणसं भिंतीआड कोंडली जाऊ नयेत म्हणून. पुढे 1967पासून जवळजवळ वीस वर्षं तिने आल्प्समधल्या लेझार्क या स्कीइंगच्या गावाचं काम केलं. डोंगर चढणारी बाई होती ती. तिथल्या इमारती उतारावर पसरल्या आहेत आणि न्हाणीघरं कारखान्यात अखंड साच्यात ओतून वर आणली गेली. हजारो लोकांच्या सुट्टीसाठीचं हे काम तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं, आणि त्या फोटोखाली त्याचा एका शब्दानेही उल्लेख नसतो.

1993मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, पॅरिसला युनेस्कोच्या आवारात तिने जपानी चहाघर उभं केलं. तेही बांबूचंच.