जाड ताडपत्री, घट्ट गाठ आणि कुजणारी बोट

पूर ओसरला, पावसाळा सरला की पंचगंगाकाठच्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: 'उघड्यावरची बोट दहा वर्षं टिकवायची असेल तर बाजारातली सगळ्यात जाड ताडपत्री घ्या. काळीच घ्या, काळा रंग ऊन सोसतो. शंभर टक्के वॉटरप्रूफ लिहिलेलं बघून घ्या. बोट बुडापर्यंत गुंडाळा, आत वारा शिरता कामा नये. नायलॉनच्या दोरीने अशी आवळा की गाठ कुणाला सुटू नये. एकदा बांधली की जूनपर्यंत बघायला नको.'

मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे आणि बाकीचे बोटीचं नुकसान करणारे आहेत. करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांत कितीतरी गावांत बचावाची बोट चावडीमागे, शाळेच्या भिंतीकडेला नाहीतर देवळाच्या आवारात वर्षातले दहा-अकरा महिने उघड्यावर पडून असते. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत या भागाने जे सोसलं ते पाहिल्यावर त्या बोटीची खोळ ही हौसेची वस्तू राहत नाही. रात्री पाणी गल्लीत शिरलं की बोट त्याच क्षणी पाण्यात उतरली पाहिजे. म्हणून हा मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलला जातो तेव्हा गप्प बसवत नाही.

सुरुवात जाडीपासून. ताडपत्रीवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. त्यावरून कापड किती जड आहे एवढं कळतं. ते उन्हात किती टिकेल हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. आपली नेहमीची निळी ताडपत्री म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या विणून त्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी या प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात. आधी घडीवर चिरा पडतात, मग हात लावला की भुगा निघतो, शेवटी वाऱ्यावर पट्ट्या लोंबतात. कडब्याच्या गंजीवर टाकलेली ताडपत्री दुसऱ्या उन्हाळ्यात कशी होते हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. जाड माल घेतला तर हे थोडं उशिरा होतं, टळत नाही.

टाळण्यासाठी प्लास्टिकमध्ये अतिनील किरणं सोसणारं द्रव्य मिसळावं लागतं. त्याला यूव्ही स्टॅबिलायझर म्हणतात आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या फुलशेतीवाल्यांना हा शब्द नवा नाही. पॉलिहाऊसचा कागद साधारण २०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा जाड असतो. तरीही तो भर उन्हात काही वर्षं काढतो, कारण त्यात हे द्रव्य असतं. तेवढ्याच जाडीचा साधा प्लास्टिकचा कागद एवढी वर्षं काढणार नाही. तेव्हा दुकानात जीएसएम विचारा, पण त्याआधी यूव्हीचं विचारा, आणि ते बिलावर लिहून मागा. एचडीपीईच्या, म्हणजे अशा विणलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे, तो आकडा मालावर आहे का तेही पाहा.

आणि ताडपत्री हा एकच पर्याय नाही. ट्रकच्या मालावर टाकतात ते पीव्हीसी थराचं पॉलिस्टर कापड दणकट असतं, घासणं सोसतं, पाणी मुळीच आत घेत नाही, पण त्यातून हवाही जात नाही. मेण चढवलेलं सुती कॅनव्हास हवा खेळू देतं, पण ओलं झालं की उचलवत नाही आणि ओलंच घडी घातलं की बुरशी धरतं. परदेशात बोटींसाठी मुळातच रंगवलेल्या धाग्याचं अ‍ॅक्रिलिक कापड वापरतात. ते उन्हात उत्तम टिकतं आणि ओल बाहेर जाऊ देतं, फक्त जिथे घासलं जातं तिथे लवकर फाटतं. माझं मत विचाराल तर गावच्या बोटीसाठी तसंच मुळात रंगवलेल्या धाग्याचं, आतून पातळ थर दिलेलं पॉलिस्टर, ६०० डेनियर (हे धाग्याच्या जाडीचं माप) किंवा वरचं, बोटीच्या मापाने गाड्यांचे हुड शिवणाऱ्याकडून शिवून घ्यावं. शिवताना धागाही पॉलिस्टरचाच मागा. सुती धाग्याने शिवलेल्या खोळी बऱ्याचदा कापड शाबूत असताना शिवणीत उसवतात. एवढा खर्च परवडत नसेल तर यूव्हीवाली चंदेरी ताडपत्री घ्या आणि ती ठरावीक काळाने बदलायची वस्तू आहे हे ग्रामपंचायतीच्या खर्चात आधीच धरा.

'आत वारा शिरता कामा नये' हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. बोट पुराच्या पाण्यातून ऑगस्टमध्ये बाहेर निघते. तळाशी गाळ, फळ्यांच्या सांध्यात ओल, दोऱ्या भिजलेल्या. अशी बोट हवाबंद गुंडाळली की दिवसा उन्हाने आतली ओल वाफ होते, रात्री खोळ थंड पडते आणि तीच वाफ खोळीच्या आतल्या अंगाला पाणी होऊन खाली टपकते. पाऊस नसतानाही बोट आतून भिजत राहते. जमिनीची ओल वर चढते ती वेगळीच. म्हणजे जे पाणी अडवायला खोळ घातली तेच तिने आत कोंडलं.

फायबरचा सांगाडा एवढ्याने लगेच मोडत नाही. पण बऱ्याच फायबर बोटींत, इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या भागात, आत प्लायवूडची फळी असते. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून ओल त्या फळीत शिरली की ती आतल्या आत कुजते, वरून काहीच दिसत नाही. मग पुरात, वर माणसं बसलेली असताना, इंजिनाचा सगळा जोर त्या कुजक्या फळीवर येतो. याशिवाय वायरींच्या टोकांना गंज चढतो, बसायच्या फळ्या फुगतात, लाइफ जॅकेटांना बुरशी लागते. (जॅकेटं खोळीखाली ठेवूच नयेत, कोरड्या खोलीत टांगावीत.) पेट्रोलची टाकी बोटीतच राहिली तर कोंडलेली वाफ ठिणगीची वाट बघत असते. टाकी बाहेर काढून वेगळी ठेवायची, यात तडजोड नको.

खोळीचं काम घोंगड्यासारखं असावं: वरचं पाणी ओघळून जावं, ऊन अंगावर येऊ नये, आणि आत जीव गुदमरू नये. त्यासाठी खोळ काठाच्या खाली वीतभर आली की पुरे. ती जमिनीला टेकवायची नाही. पुढे-मागे हवेला वाट ठेवायची, आणि त्या वाटेला बारीक जाळी लावायची, म्हणजे उंदीर आणि गांधीलमाश्या आत घर करत नाहीत. पुरानंतर साप आडोसा शोधत असतात. जमिनीपर्यंत लोंबणारी ताडपत्री त्यांना आयता आडोसा देते आणि पहिला हात घालणारा बहुतेक बचाव पथकातला पोरगाच असतो.

बोट आधी धुऊन, दोन-चार दिवस उन्हावाऱ्यात पूर्ण वाळवल्याशिवाय खोळ घालू नये, हे मजकुरात कुठेच नाही. खरं तर ते पहिल्या ओळीत हवं होतं.

काळ्या रंगाचा मुद्दा अर्धा खरा, तो हा. प्लास्टिकमध्ये मिसळलेली बारीक काजळी अतिनील किरणं चांगली अडवते. ठिबकच्या नळ्या म्हणूनच काळ्या असतात. पण काळी खोळ स्वतः टिकली तरी खालची बोट तापते. फायबरला ते काही प्रमाणात सोसतं, हवा भरून फुगवायच्या बोटींना नाही. सकाळी २५ अंशांना ०.२५ बार दाबाने भरलेली अशा बोटीची हवेची नळी दुपारी ५५ अंशांवर गेली तर आतला दाब सुमारे ०.३७ बारवर जातो, जवळजवळ दीडपट. नळी थोडी ताणली जाते म्हणून प्रत्यक्षात किंचित कमी, पण सांध्यांच्या डिंकाची परीक्षा रोजच होते. बाहेरून चंदेरी आणि आतून काळी अशी दुरंगी ताडपत्री मिळते, ती घ्या आणि चंदेरी बाजू आभाळाकडे ठेवा. हवेच्या बोटीतली हवा उन्हाळ्यात थोडी कमी करून ठेवा. जमलंच तर ती सावलीतच ठेवा.

वॉटरप्रूफबद्दल फार लिहायला नको. शिवणीतून चार थेंब आत आले म्हणून उभ्या बोटीचं काही बिघडत नाही, जर तळाचं बूच काढून ठेवलं असेल आणि नाक उचलून बोट मागे उतरती केली असेल. आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. बूच दोरीने इंजिनाच्या मुठीला बांधा, म्हणजे बोट उतरवताना ते आधी डोळ्यांसमोर येईल.

खरा धोका वरती साचणाऱ्या पाण्याचा आहे आणि मजकूर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. सपाट बांधलेल्या ताडपत्रीला मध्ये झोळ पडतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सरासरी १० सेंटिमीटर खोल अशा झोळात १०० लिटर पाणी मावतं, म्हणजे १०० किलो वजन, कापड कितीही जाड असो. त्याने कड्या निसटतात, काठ वाकतो, कापड ताणून पातळ होतं. मध्ये बांबूचा किंवा पाइपचा कणा उभा करा, घराच्या छपरासारखा दोन्हीकडे उतार द्या, टोकांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा म्हणजे कापडाला भोक पडणार नाही. इंजिन नसलेली छोटी बोट तर लाकडी ठोकळ्यांवर सरळ उलटी घाला. तिला खोळीची गरज फक्त उन्हासाठी उरते.

नायलॉनची दोरी ओली झाली की सैल पडते आणि उन्हात तिचा जोर जातो. बाजारात नायलॉन म्हणून मिळणारी चकचकीत रंगीत दोरी बऱ्याचदा पॉलिप्रोपिलीनची असते, ती उन्हात त्याहून लवकर जाते. सैल खोळ वळवाच्या वाऱ्यात फडफडते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून येणारी राख खोळीखाली बसलेली असते, ती प्रत्येक फडफडीला बोटीची झिलई खरवडते. म्हणून पॉलिस्टरचे रुंद पट्टे बोटीखालून घेऊन बक्कलने आवळा, मीटरभर अंतराने एक. विटा टांगू नका, त्या वाऱ्यात बोटीवर आपटतात.

बक्कल सुचवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. 'गाठ कुणाला सुटू नये' हा सल्ला चोरापासून वाचवत असेल, पण भिजून आवळलेली गाठ पावसात, बॅटरीच्या उजेडात, थरथरत्या बोटांनी पथकालाही सुटत नाही. चोरीची भीती असेल तर बोट साखळीने बांधा, कुलूप लावा आणि किल्ली कुठे आहे हे गावातल्या तिघांना तरी माहीत असू द्या. खोळ मात्र एका माणसाला काही मिनिटांत काढता आली पाहिजे.

राहिला शेवटचा सल्ला, जूनपर्यंत बघू नका. महिन्यातून एकदा खोळ उचलून आत हात फिरवा. ओल लागली तर एक दिवस उघडी ठेवा. शिवण, कड्या आणि इंजिनावर घासणारा भाग तपासा, तिथे आधीच जाड ठिगळ लावून घ्या. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ फुटांची बातमी येईपर्यंत खोळ घालून थांबू नका. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती काढा, बूच लावून बोट एकदा पाण्यात घाला, इंजिन चालवून पाहा, आणि मग पावसाळाभर वर फक्त पत्र्याचं नाहीतर ताडपत्रीचं उंच छप्पर राहू द्या, ज्याखालून चार माणसं बोट सरळ उचलून नेऊ शकतील.