गुडघे, ढग आणि बैल

रायगड मी तीनदा चढलोय. निघायच्या आधी महिनाभर भेटेल त्याला हे ऐकवत होतो. त्यामुळे चीनच्या आन्हुई प्रांतात, ह्वांगशान डोंगरावर पाय लटपटायला लागले तेव्हा तक्रारीला तोंड उरलं नव्हतं. (तिसऱ्यांदा रोपवेनं गेलो होतो, ही आठवण हिनं तिथेच करून दिली.)

घरी हिशोब सोपा होता. सगळ्यात उंच शिखर १८६४ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. फरक दोनशेचा, शिवाय अर्धा डोंगर पाळण्यात बसून चढायचा. पण पाळण्यातून उतरल्यावर वर सपाटी असेल ही माझी समजूत. वर पायऱ्याच होत्या. दगडात कोरलेल्या, चढून उतरणाऱ्या, उतरून पुन्हा चढणाऱ्या. आपल्याकडे डोंगर म्हणजे घसारा आणि करवंदीच्या जाळ्या. दम लागला की फोटोचं निमित्त करून थांबता येतं. इथे थांबलो तर मागे एकसारख्या टोप्या घातलेले चाळीसेक आजीआजोबा आणि त्यांचा भोंगेवाला गाइड. त्यातल्या एका आजींनी पिशवीतून काकडी काढून माझ्या हातात दिली. कीव इतकी करकरीत असते हे तेव्हा कळलं.

तेवढ्यात खांद्यावर बांबू, एका टोकाला कोबी आणि दुसऱ्याला चादरींचं गाठोडं, असा एक हमाल आम्हाला मागे टाकून गेला. वरच्या हॉटेलांचं बरंच सामान असंच चढतं. त्यानंतर नूडल्सच्या किमतीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. खुर्चीची पालखी घेऊन दोघे बसले होते. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं, आपसात काही बोलले आणि दुसरीकडे बघायला लागले.

पाहुण्यांच्या स्वागताला फांदी पुढे केलेला तो प्रसिद्ध पाइन मात्र दिसला. मला तो रिक्षा थांबवतोय असं वाटलं. मलाही तेच हवं होतं.

पहाटे चारला उठून ढगांचा समुद्र बघायला गेलो. समुद्र होता, पण आम्ही त्याच्या तळाशी होतो. "महाबळेश्वरला जुलैत हेच दिसतं, आणि भजी मिळतात," ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी होंगत्सुन. २००० साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं गाव. पांढऱ्या भिंती, काळी कौलं. गावाची आखणी म्हणे बैलासारखी: टेकडी डोकं, दोन जुनी झाडं शिंगं, चार पूल पाय, दारादारांतून वाहणारे पाट आतडी आणि मधलं अर्धचंद्राचं तळं जठर. या आतड्यांतून मी खेकड्यासारखा आडवा चालत होतो, कारण सरळ पायरी उतरायला गुडघे नाही म्हणत होते.

जेवायला इथला मुरवलेला, वास मारणारा मासा आला. मी नाकाला रुमाल लावला. ही मालवणची. तिनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अहो, आईच्या माळ्यावरच्या सुकटीचा वास!" पूर्ण मासा तिनं संपवला.

मुक्काम एका जुन्या वाड्यात होता. तळं दिसणारी खोली मीच हट्टानं मागितली होती. मालकीणबाईंनी हसून वर बोट केलं. जिना लाकडी, शिडीसारखा उभा. ही किल्ली घेऊन वर गेली. मी बॅगेवर बूड टेकलं, बैलाच्या जठराकाठी, तिनं खिडकीतून उशी टाकण्याची वाट बघत.