'पुण्यात बसून' म्हणे!

निनावी महाशय, ब्रिटनमधल्या लेस्टर ईस्ट मतदारसंघावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली भलीमोठी प्रतिक्रिया दोनदा वाचली. २०२४ च्या निवडणुकीत तिथल्या आधीच्या लेबर खासदार क्लॉडिया वेब तिसऱ्या आल्या असं मी लिहिलं होतं. तिसरे लिबरल डेमोक्रॅट, वेबबाई चौथ्या. चुकलं, दुरुस्त केलंय. खूश?

आता तुमचं ते वाक्य. "पुण्यात बसून लेस्टरचं राजकारण शिकवू नका." अहो, ही काय बोलायची पद्धत झाली? २००८ ते २०१७ मी बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत राहिलेय, त्या साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या पाठीमागे, दिवाळीत गाडी लावायला जागा नसायची तिथे. भारतीय पासपोर्टवरसुद्धा तिथे खासदारकीला मत देता येतं, कॉमनवेल्थवाले म्हणून, आणि मी २०१० आणि २०१५ ला दिलंय, पेन्सिलीने फुली मारून. तुम्ही दिलंयत का? सांगा की. शेजारचे गुजराती काका, ७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले, त्यांच्या तोंडी कायम "आपला कीथभाई". आता कीथ वाझ, तिथला लेबरचा खासदार, म्हणजे एडनमध्ये जन्मलेला गोंयकार, पण काकांना तो घरचाच! १९८७ पासून ती जागा त्याचीच होती, २०१७ ला तर ६७ टक्के मतं. हे मी पुस्तकात नाही वाचलेलं, काकांच्या ओट्यावर... म्हणजे तिथे ओटा नसतो, पण तुम्हाला कळलं असेल.

आणि मी लिहिलं काय होतं? कॉन्झर्व्हेटिव्ह जिंकले नाहीत, लेबर फुटली. २०१९ ला कॉन्झर्व्हेटिव्हांना १९,०७१ मतं पडली आणि ते हरले, २०२४ ला त्यांच्याच शिवानी राजांना १४,५२६ पडली आणि त्या जिंकल्या, म्हणजे साडेचार हजार मतं घालवून जागा मिळाली! लेबरचे राजेश अग्रवाल १०,१००, पक्षाने काढलेल्या वेबबाई अपक्ष ५,५३२, आणि आमचे वाझसाहेब नव्या पक्षाकडून ३,६८१. दोन माजी लेबर खासदार लेबरच्याच उमेदवारासमोर उभे! तिघांची बेरीज १९,३१३. करून बघा, पुण्यात बसूनही जमते.

राहिला तुमचा तो शेवटचा मुद्दा, की देशभर कॉन्झर्व्हेटिव्ह ४४ टक्क्यांवरून २४ वर आपटले, मग इथेच ३९ वरून ३१ वर कसे थांबले, आणि लेबरकडून त्यांनी खेचलेली अख्ख्या देशातली ही एकच जागा कशी. ठीक आहे, असतो एखादा मतदारसंघ वेगळा. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, आत्ता वेळ नाही.

प्रतिक्रिया उडवलेली नाही, राहू दे. पुढच्या वेळी नाव घालून लिहा, म्हणजे मलाही कळेल तुम्ही कुठे बसून लिहिताय.