‘सिक रूम की आरामखोली?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

शाळेच्या सिस्टरकडे मुलं कशाकशासाठी येतात, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ३१ वर्षं वर्गावर उभं राहिलेल्या माणसाचं म्हणणं दोन ओळींत उडवून लावणं मला बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर उत्तर.

तुमचा आक्षेप असा: कागदाने बोट कापलं, पेन्सिलीचं टोक टोचलं, एवढ्यातेवढ्यासाठी मुलं वर्ग सोडतात आणि मी पट्टी लावत बसते. त्यांना कामचुकारपणाची सवय लागते, तास बुडतो, सिक रूमची आरामखोली होते. ‘दोन शब्द सुनावले असते तर पुन्हा आली नसती,’ असं तुम्ही लिहिलंय.

तास बुडतो, मान्य. गणिताच्या तासाला डोकी जास्त दुखतात, तेही खरं. म्हणूनच ताप नसेल आणि मूल तरतरीत असेल तर दहा मिनिटांत वर्गात परत, असा माझा नियम आहे. चिठ्ठीवर यायची-जायची वेळ लिहिते. पण सुनावण्याचं मला पटत नाही, कारण ते मी करून बसलेय.

पाचवीतला एक मुलगा दर पी.टी.च्या तासाआधी यायचा. ‘सिस्टर, छातीत दुखतं.’ ताप नाही, नाडी ठीक, श्वासही नीट. मैदानाचा कंटाळा, असं मी ठरवून टाकलं आणि तीन वेळा रागावून परत पाठवलं. चौथ्यांदा पी.टी.चे सर त्याला धरून घेऊन आले. पळून थांबल्यावर खोकला सुरू झाला होता, खांदे वर ओढून श्वास घेत होता, एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. पळाल्यावर उसळणारा दमा होता तो. आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खेळाआधी पंप घेतो आणि खो-खो खेळतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो त्रासाच्या आधीच येत होता. त्या वेळी तपासून काही सापडणारच नव्हतं. ‘नेहमी कधी दुखतं रे?’ एवढं एक मी विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पोटाबद्दल तुम्ही लिहिलंय की बाहेरून काही दिसत नाही, म्हणून मुलांना ते सोयीचं. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १,००० शाळकरी मुलांची पाहणी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली होती. साधारण दहांतल्या एकाला वारंवार पोटदुखी होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कसलाच आजार सापडला नाही. दुखणं मात्र खरंच होतं. धास्ती, भूक, शी दाबून ठेवणं, सगळं मुलांना बेंबीपाशीच जाणवतं. बेंबीपासून जितकं लांब दुखेल तितका आजाराचा संशय जास्त, हा ठोकताळाही अ‍ॅप्लींचाच. म्हणून मी आधी म्हणते, ‘एका बोटाने दाखव.’ सगळा तळवा बेंबीभोवती फिरला की मी जरा निश्चिंत होते. बोट उजवीकडे खाली एकाच जागी टेकलं, तर लगेच पालकांना फोन.

सहावीतल्या एका मुलीच्या नावापुढे माझ्या रजिस्टरात सलग चार दिवस तीच नोंद आहे: ‘पोटदुखी, ११.२०’. यायची, गरम पाण्याची पिशवी नको म्हणायची, आमच्या खोलीतल्या बाथरूमला जाऊन यायची आणि ‘आता बरंय’ म्हणून निघायची. पाचव्या दिवशी मी तिची पाण्याची बाटली हातात घेतली. घरून आणलेली, तोंडापर्यंत भरलेली, तशीच. टायचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, ‘वरच्या बाथरूमला कडी नाहीये, सिस्टर. मैत्रीण नसली तर दार कोण धरणार?’ ती कडी बसायला अकरा दिवस लागले. तोवर त्या मजल्यावरच्या मुलींना मी माझ्याकडे यायला सांगितलं, पोट दुखत नसलं तरी.

सकाळच्या शाळेत प्रार्थनेला येणारी चक्कर बहुतेक वेळा उपाशीपोटाची असते. चौथीपर्यंतचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरवायला शासनाने २०२४ मध्ये सांगितलं, पण त्यापुढची मुलं अजून पहाटे उठून अर्धा कप दुधावर निघतात.

आणि खरंच क्षुल्लक असतं त्याचं काय? दुसरीतला एक जण रडत आला, सीताफळाची बी गिळली, आता पोटात झाड येणार म्हणून. वर्गात त्याला कुणीतरी तसं सांगितलं होतं. बी अख्खी बाहेर पडते, झाडाला माती लागते, पोटात माती नसते, एवढं समजावलं आणि डोळे पुसून तो गेला. चार मिनिटं लागली. वर्गात तो तास त्याला ऐकू आला असता का, सर? अशांना मी गोळी-बिळी देत नाही. पालकांच्या संमतीशिवाय साधी पॅरासिटामॉलही देत नाही.

‘आमच्या वेळी हळद लावली की परत वर्गात,’ हे वाचून मला माझी शाळा आठवली. हळद होतीच. पण ती लावायला शाळेतल्या मावशी होत्या. पदराचं टोक ओलं करून गुडघा पुसायच्या, फुंकर घालायच्या, मग हळद. तुमच्याही शाळेत ती कुणीतरी लावतच असेल.

तुम्ही अजून अधूनमधून तुमच्या शाळेत जाता, असं लिहिलंय. पुढच्या वेळी गेलात की मुली वर्गात असताना एखाद्या बाईंना सोबत घ्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहांच्या कड्या तेवढ्या लावून बघाल का?