'दिसणं' म्हणजे काय: एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर,

'पीएसएमए पेट' या प्रोस्टेट कॅन्सर शोधणाऱ्या स्कॅनवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की चार-पाच मिलिमीटरच्या खालचं पेटला दिसत नाही, टीबीच्या गाठीही चमकतात, खर्चाबद्दल मी गप्प आहे, आणि 'घरगुती अनुभवावर बायकांनी वैद्यकीय लेख पाडू नयेत'. पाडू नयेत! तीस वर्षं रेडिओलॉजीत काढलेल्या माणसाला ही भाषा शोभते का? नुसता मुद्दा मांडला असतात तरी मी ऐकला असता.

एक चूक कबूल. या स्कॅनसाठी वापरतात त्या किरणोत्सारी गॅलियम-६८चं अर्धायुष्य मी ९० मिनिटं लिहिलं होतं, ते ६८ मिनिटं आहे. दुरुस्त केलं.

आता मिलिमीटर. सुटी एकेक पेशी दिसते असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पेशींची 'ओळख पटते' असं लिहिलंय, आणि त्यावर मी ठाम आहे. सीटी आकार बघतो. आठ-दहा मिलिमीटरच्या आतली लसिकाग्रंथी त्याच्या लेखी सहसा नॉर्मल. पेट बघतो ते वेगळंच. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए हे प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम जोडून शिरेतून दिलं की ते तिथे साठतं, आजूबाजूला फारसं नाही. अमावास्येच्या रात्री समोरच्या डोंगरावर कुणी कंदील लावला तर ज्योत केवढी ते इथून सांगता येत नाही, पण कंदील आहे हे कळतं. लहान ठिपका पेटमध्ये पसरट आणि फिका होतो, मान्य. पण मुळात तेज पुरेसं असेल तर तो दिसतो. बारकावा आणि दिसणं यांची गल्लत तुम्ही केलीत, आणि अडाणी मला ठरवलंत.

'घरगुती अनुभव' म्हणजे माझे बाबा. ऑपरेशननंतर दोन वर्षांनी त्यांचा पीएसए, म्हणजे रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, चढत ०.९ वर गेला. सीटी स्वच्छ, बोन स्कॅन स्वच्छ. 'वयाच्या मानाने ठीक आहे, थांबू,' असं आम्हाला सांगितलं गेलं. मी हट्टाने पीएसएमए करून घेतला. ओटीपोटात सहा मिलिमीटरची एक ग्रंथी लखलखत होती. रेडिएशन नेमकं तिथे देता आलं. त्या रात्री रिपोर्ट हातात घेऊन मी जिन्यात बसले होते, तुम्ही नव्हतात.

घरचं पुरत नसेल तर ऑस्ट्रेलियातली 'प्रोपीएसएमए' चाचणी बघा, २०२० साली लॅन्सेटमध्ये आली. उपचारांआधीचे ३०२ पुरुष. अचूकता पीएसएमए पेटची ९२ टक्के, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५.

टीबीचा मुद्दा मुख्यतः साखरेसारखा रेणू टोचून करतात त्या, म्हणजे एफडीजीच्या पेटचा. माझा लेख त्यावर नव्हताच. खर्चावर वेगळं लिहीन.

तुमची पुढची प्रतिक्रियाही जशीच्या तशी छापेन. तिच्यात माझ्या बाबांना आणू नका.